उसवलेलं नाव

अदलाबदलीचे विद्यार्थी सत्र सुरू व्हायच्या आदल्या आठवड्यात येऊ लागतात. दुसऱ्या विद्यापीठातून एका सत्रापुरती आलेली ही मुलं. हातात एक मोठी बॅग आणि डोळ्यांत प्रवासाची झोप. वसतिगृहाच्या खोलीत त्यांना पलंग, गादी, टेबल, खुर्ची आणि कपाट मिळतं. उशी नाही, पांघरूण नाही, पडदा नाही, चहाला पातेलं नाही. एवढ्याशा मुक्कामासाठी हे सगळं विकत घेणं जिवावर येतं आणि जाताना बरोबर नेता येत नाही. म्हणून इतकी वर्षं ही मुलं पहिल्याच दिवशी बॉयलरशेजारच्या लांबट खोलीत मावशींकडे जायची.

मावशी इथे झाडूकामाला लागल्या तेव्हा ही खोली बंद होती. सत्र संपलं की कचऱ्याच्या ढिगात धडधाकट चादरी, तवे, टेबलावरचे दिवे पडलेले दिसायचे. मावशींनी ते उचलून आणायला आणि नव्या मुलांना फुकट द्यायला सुरुवात केली.

"मावशी, भंगाराचा धंदा काढताय का?" फाटकावरचा पहारेकरी विचारायचा.

"हो. तुझ्यापासूनच सुरुवात करते."

पुढे वसतिगृहाच्या साहेबांनीच खोलीची किल्ली दिली. झाडू सुटला, खोलीचं भांडार झालं आणि ते मावशींच्या हाती आलं. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दिवसभर त्या भांडारातच असायच्या.

त्यांची एक पद्धत होती. आलेली प्रत्येक वस्तू गरम पाण्यातून काढायची आणि तिच्यावरची आधीच्या मालकाची खूण पुसायची. पातेल्यावरचा कागद खरवडायचा, शाईचं नाव स्पिरिटनं घासायचं, कापडावर दोऱ्यानं नाव घातलं असेल तर दाढीच्या पात्यानं उसवायचं. "दुसऱ्याचं नाव असलेल्या उशीवर कुणाला झोप लागते?" असं त्या म्हणत. वस्तू हातात घेतल्यावर ती आपलीच वाटली पाहिजे, एवढाच त्यांचा हिशेब.

एका वर्षी एक मुलगी आली, एका नव्हे, दोन सत्रांसाठी. बडबडी. तिला दोन खोल्या दाखवल्या होत्या. एक वरच्या मजल्यावर, ऐसपैस, खिडकीबाहेर झाडं; पण वारा आत घुसायचा. दुसरी तळमजल्यावर बॉयलरला लागून, लहान पण उबदार, आणि भिंतीतून सतत घरघर. मुलगी वरखाली पळत राहिली. शेवटी मावशींपुढे येऊन उभी राहिली.

"मावशी, ही घरघर रात्री बंद होते?"

"नाही गं बाई. तू वरचीच घे."

"मग खालचीच घेते. मला शांततेत झोप येत नाही. बाबा शिंपी आहेत, रात्रीही त्यांचं शिलाईचं मशीन चालू असतं, त्या आवाजात झोपायची सवय आहे."

भांडारातून तिनं फक्त एक पातेलं आणि दिवा नेला. बाकीचं सामान घरून पार्सलनं आलं. रजई, उशीचा अभ्रा, खिडकीचं माप कळवून शिवून घेतलेला पडदा. प्रत्येकाच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं 'टिटवी' असं घातलेलं.

"बाबा मला टिटवी म्हणतात," तिनं मावशींना सांगितलं. "म्हटलं होतं, नाव घालू नका, सगळे हसतील."

"मग?"

"मग जरा मोठंच घातलं."

सुट्टी लागली, वसतिगृह ओस पडलं. सुट्टी संपता संपता साहेबांचा फोन आला : तळमजल्यावरची खोली रिकामी करा, दुसरी मुलगी येतेय. मावशींनी कारण विचारलं नाही. घरची ओढ लागून अर्ध्यातून पळणारी मुलं दर सत्रात असतात. खोली उघडली तर सगळं जिथल्या तिथे. रजई पलंगावर, पडदा खिडकीला. मावशींना राग आला. बापानं एवढं बसून शिवलं आणि पोरगी टाकून मोकळी झाली. त्या रागातच त्यांनी सगळं धुतलं आणि पातं घेऊन बसल्या. अभ्रा आणि पडदा कुणी कुणी नेले. रजई त्यांनी वरच्या वाऱ्याच्या खोलीतल्या मुलीला दिली. ती दातावर दात वाजवत आली होती.

नवं सत्र रुळलं होतं, तेव्हा एके दुपारी साहेब एका माणसाला घेऊन भांडारात आले. बारीक चणीचा माणूस, हातात रिकामी बॅग.

"ताई, मुलीचं सामान न्यायला आलोय. खालच्या खोलीत होती. टिटवी म्हणतो आम्ही तिला."

मावशींचा चेहरा खुलला. "अगं बाई, तुम्ही का तिचे बाबा! न सांगता पळाली की हो. या, बसा. कशी आहे ती?"

साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

"सुट्टीत मैत्रिणींबरोबर फिरायला गेली होती," तो माणूस म्हणाला. "गाडीला अपघात झाला. गेली ती. तिकडूनच घरी आणली आम्ही."

मावशी साहेबांकडे वळल्या. "साहेब, तुम्ही मला सांगितलं नाहीत."

"मला वाटलं, तुमच्या कानावर आलं असेल. सगळ्यांना माहीत होतं."

"बाकीचं काही नसलं तरी चालेल," शिंपी म्हणाले. "तिच्या आईनं रजई तेवढी आणायला सांगितलीय. ती मिळाल्याशिवाय येऊ नका म्हणाली."

मावशी जिना चढू लागल्या. मागून ते दोघं. वरच्या खोलीतल्या मुलीनं दार उघडलं. रजई पलंगावर पसरलेली होती, तिच्यावर उघडं पुस्तक आणि बिस्किटांचा पुडा. काय झालंय ते साहेबांनी तिला दोन वाक्यांत सांगितलं. मुलीनं घाईघाईनं पुडा उचलला.

शिंप्यांनी रजईचा एक कोपरा उलटून पाहिला. मग दुसरा. चारही पाहून झाले.

"ही नव्हे. आमच्या रजईवर नाव आहे."

त्या क्षणी मावशी गप्प राहू शकल्या असत्या. दुसरी रजई शोधते म्हणाल्या असत्या, तर तो माणूस दिवसभर भांडारात शोधत बसला असता.

"हीच आहे," त्या म्हणाल्या.

शिंप्यांनी रजई खिडकीपाशी नेली. काठाची शिलाई अंगठ्यानं चाचपली. ती त्यांचीच होती. मग एक कोपरा उजेडासमोर ताणून धरला. कापडात सुईच्या भोकांची ओळ दिसत होती, जरा मोठ्या अक्षरांची.

"कुणी उसवलं?"

"मी. इथे सगळ्यांचीच उसवते."

"दुहेरी दोरा होता. वेळ लागला असेल."

"लागला."

त्यांनी रजई नाकाशी नेली आणि खाली घेतली. "धुतलीय?"

"गरम पाण्यात. दोनदा."

"बरं. तिच्या आईला काय सांगू?"



"काका, घेऊन जा ना," ती मुलगी म्हणाली. "मला नकोच आता ती."

तिच्या मनात वाईट काही नव्हतं. पण बोलून झाल्यावर तिनं जीभ चावली. शिंप्यांनी रजईची कसून घडी घातली आणि बॅगेत भरली. जाताना तळमजल्यावर ते टिटवीच्या खोलीच्या बंद दारापाशी थांबले. आतून घरघर ऐकू येत होती.

"फोनवर हा आवाज यायचा," ते म्हणाले. "मी म्हणायचो, काय गं, तूही शिवायला बसलीस की काय."

त्या दिवसापासून मावशींनी एकही नाव उसवलं नाही. वस्तू येत राहिल्या, धुतल्याविना, नावांसकट फळ्यांवर चढत राहिल्या. पुढच्या सत्राची मुलं आली. उशी उचलायची, नाव वाचायची, परत ठेवायची.

"मावशी, ही कुणाची? कुठे असतो तो आता?"

"मला माहीत नाही."

मुलं रिकाम्या हातांनी बाजाराकडे जायची. भांडार तुडुंब भरलं, तशी साहेबांनी मावशींना बोलावलं.

"अहो, नावं तेवढी काढा. नेतील मुलं."

मावशींनी पदराच्या गाठीतून पातं काढलं आणि त्यांच्या टेबलावर ठेवलं. "तुम्ही काढा."

साहेबांनी काढली नाहीत. ट्रक बोलावून भांडार रिकामं केलं. आता तिथे मोडक्या खुर्च्या ठेवतात आणि मावशींच्या हातात पुन्हा झाडू आहे. सत्र संपलं की कचऱ्याच्या ढिगात धडधाकट चादरी पडलेल्या असतात. मावशी ढिगाच्या कडेनं झाडून घेतात आणि पुढे जातात. पहारेकरी आता त्यांना काही विचारत नाही.