सासूबाईंच्या पेटीतले पैसे

आमच्या सासूबाई अडीअडचणीचे पैसे तांदळाच्या पिंपात ठेवतात. दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळून, अगदी तळाशी. सगळ्या नोटा दहाच्या, वीसच्या, फार तर पन्नासच्या. पाचशेची नोट हातात आली की आधी धसईच्या बाजारात जाऊन ती मोडून आणणार. "घाईच्या येळंला मोठी नोट कुनी मोडून देत नाय गो," असं त्यांचं म्हणणं. अर्धं आयुष्य वीटभट्टीवर आणि लोकांच्या शेतावर राबलेली बाई. कोण कुठल्या वेळी दार लावून घेतं, हे त्यांना पाठ आहे.

मी मुरबाडला एका पतपेढीत कामाला. दिवसभर लोकांना सांगायचं, पैसे घरात ठेवू नका, आणि घरी आलं की पिंपात हा प्रकार. डोकं फिरायचं माझं. स्वभाव मुळातच तापट.

"उंदरांनी कुरतडले म्हणजे कळेल," मी म्हणायचे.

"उंदराला काय दवाखान्यात जायचंय?" तांदूळ निवडता निवडता त्या म्हणायच्या.

मागच्या वर्षी मी हट्टालाच पेटले. पिशवी बाहेर काढली, त्यांना बँकेत नेलं, त्यांच्या नावाचं खातं काढलं आणि होते नव्हते तेवढे भरून टाकले. परतीच्या वाटेवर त्यांनी पासबुक पदराच्या टोकात घट्ट बांधून घेतलं. मला वाटलं, चला, पटलं एकदाचं.

पुढे लावणीच्या दिवसांत एका सकाळी माझ्या नवऱ्याला बांधावर घोणस चावली. बघता बघता पाय पोटरीपर्यंत सुजला. वादळाने दोन दिवस लाइट नव्हती, टॉवर बंद, फोनला रेंज नाही. शेजाऱ्याची जीप दारात येऊन उभी राहिली, पण तिच्यात तालुक्यापर्यंत पुरेल एवढं डिझेल नव्हतं. सरकारी दवाखान्यात सापाचं इंजेक्शन फुकट मिळतं हो, पण तिथवर पोचायचं कसं? कॅनमधून डिझेल विकणारा रोख मागत होता, आणि लावणीत सगळी वाडी रिकाम्या खिशाची. माझ्या पर्समध्ये एटीएमचं कार्ड आणि एसटीच्या भाड्यापुरते पैसे. नवरा ओटीवर घामाने निथळत पडलेला आणि मी अंगणात उभी राहून स्वतःलाच शिव्या घालत होते.

सासूबाई आत गेल्या आणि रुमालात बांधलेलं एक पुडकं आणून माझ्या हातात कोंबलं. त्याला डांबरगोळ्यांचा वास येत होता. आत दहा-वीसच्याच नोटा.

"रडत बसू नको. आदी डिझेल, मग बाकीचं."

मला बोल लावायची खरी वेळ ती होती. त्यांनी लावला नाही. त्यांच्या जागी मी असते तर जन्मभर ऐकवलं असतं.

डिझेल आलं. जीप दुपारच्या आत तालुक्याला पोचली. बाहेरून आणायची औषधं, माझं खाणंपिणं, परतीची गाडी, सगळं त्या पुडक्यातून निघालं. कुणापुढे हात पसरावा लागला नाही. नवरा वाचला. पाय अजून थोडा ओढतो, पण शेतावर जातो.

घरी आल्यावर मी विचारलं, "आई, ते कुठले हो काढलेत? पिंप तर मीच रिकामं केलं होतं."

"पेटीतले," त्या म्हणाल्या. "माज्या मयतीचे ठेवलेले. लाकडं, कापड, आल्यागेल्याचा च्या. तुमाला त्या दिशी कुनाकडं मागायला लागू नये म्हनून." आणि चुलीत लाकूड सारत म्हणाल्या, "माजं थांबल गो. त्याचं थांबनारं नव्हतं."

पतपेढीत इतकी वर्षं काढली, पण असा हिशोबी आणि एवढ्या मोठ्या मनाचा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पिंपातली पिशवी मी दुसऱ्याच आठवड्यात भरून ठेवली. पेटीतले मात्र अजून द्यायचे आहेत. दर महिन्याला त्या विचारतात, मीठ संपलं का विचारावं इतक्या सहज, "माज्या मयतीचे कदी देतेस?"

"अजून पगार नाही झाला," मी सांगते.

पगार एक तारखेलाच झालेला असतो. ते पैसे त्यांच्या हातात ठेवायला माझा हात पुढे होत नाही.