देवमनच्या छातीतलं घड्याळ

आमच्या शेजारचा देवमन माळी छातीत घड्याळ बसवून अमरावतीहून आला, ही बातमी दर्यापूरच्या आमच्या गल्लीत मीच पसरवली. तशी ती खोटीही नव्हती. हृदयाची झडप खराब झाली म्हणून डॉक्टरांनी धातूची बसवली होती, आणि दुपारी गल्ली शांत झाली की त्याच्या ओट्यावर टिकटिक ऐकू यायची.

"देवमनभाऊ, किती वाजले?" मी रोज विचारायचो.

"तुह्ये बारा," तो म्हणायचा.

आधी अंगणात यायचं म्हटलं तरी धापणारा हा माणूस पुन्हा मेथीचं आणि सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, गाठोडं उचलून बाजारात जाऊ लागला. पायांची सूज उतरली. ताणून मोठं झालेलं हृदयही आखडून मूळ मापावर येत चाललंय, असं तपासणीत निघालं. अट एकच होती. रक्त पातळ ठेवायची गोळी जन्मभर घ्यायची, नाहीतर झडपेवर गुठळी धरेल.

घात इथंच झाला. आमच्याकडे माणूस खंगला की 'रगत पातय झालं' म्हणतात. त्याची बायको सुंदराबाई तो शब्द ऐकून धसकलीच होती. गोळ्या तीच त्याच्या हातावर ठेवायची. नवरा धडधाकट दिसू लागला तशी तिनं तेवढी गोळी गुपचूप वगळली, आणि रक्त घट्ट व्हावं म्हणून रोज वाडगाभर पालक सुरू केला.

काही दिवसांनी तो परत धापू लागला. एका दुपारी मी ओट्यावर टेकलो, तर टिकटिक दबलेली, गोधडीत गुंडाळलेल्या घड्याळासारखी. मी म्हटलं, "चाबी भरली नाही का आज?" तो बोलायला गेला आणि तोंड वाकडं झालं. हातातली मेथीची जुडी गळून पडली.

जीप करून त्याला अमरावतीला नेलं. डॉक्टरांनी गोळ्यांचं विचारलं.

"म्याच बंद केली," सुंदराबाई म्हणाली. "रगत पातय करून राहिली होती थे."

झडपेवरच्या गुठळीचा तुकडा मेंदूत गेल्याचं डॉक्टरांनी हळू आवाजात सांगितलं.

उपचारांनी झडप मोकळी झाली, टिकटिक परत आली. उजवा हात आणि बोलणं आलं नाही.

आता सुंदराबाई गोळी भरवून त्याचं तोंड उघडून बघते. मग मला हाक मारते. "भाऊजी, आयका ना. चालू हाये ना थे?"

मी कान लावतो, चालू आहे म्हणून सांगतो. आणि सवयीनं वेळ विचारून बसतो. देवमन माझ्याकडे बघत कितीतरी वेळ ओठ हलवतो. बारा काही वाजत नाहीत.