परीक्षेपुरते चंपतराव

प्रा. चंपतराव ढोके यांनी आमच्या कॉलेजात उभा जन्म प्राणिशास्त्र शिकवलं, पण त्यातलं एक अक्षर अंगाला लागू दिलं नाही. मी वनस्पतिशास्त्राचा. स्टाफरूममध्ये शेजारी बसून हा दिखाऊ माणूस वर्षानुवर्षं सहन केला. घरी पोचले की शर्टाबरोबर विज्ञानही खुंटीला टांगायचे.

गर्भात हात कसा घडतो, हा त्यांचा ठेवणीतला धडा. लॉकडाऊनमध्ये तो त्यांनी घरीच रेकॉर्ड करून यूट्यूबवर टाकला. मागे त्यांच्या बायकोच्या, रुखमाबाईंच्या, कुकरच्या शिट्ट्या ऐकू येतात. उन्नती तेव्हा त्यांची विद्यार्थिनी होती. त्याच व्हिडिओवरून ती पास झाली आणि पुढे त्यांच्याच अश्विनची बायको झाली.

परवाच्या भाद्रपदातल्या ग्रहणात उन्नतीला आठवा महिना होता. भूक लागली म्हणून तिने पेरू कापून खाल्ला. गर्भारणीने ग्रहणात काही कापू नये, म्हणून रुखमाबाई हादरल्या. पुढे सावनेरला माहेरी उन्नतीला मुलगी झाली. डावा हात काडीसारखा, हाड आणि कातडी, मध्ये मांसच नाही. नागपूरला रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी जन्मजात दोष म्हणून सांगितलं. चंपतरावांनी मात्र पेरूचं निमित्त दोन्ही हातांनी झेललं. नाहीतर लोक ढोक्यांच्या रक्ताला नावं ठेवतील ना! बारशाला जायचं, नाव ठेवायचं आणि सुनेला तिथेच सोडून यायचं, असं त्यांनी गाडीत बसल्या बसल्या जाहीर केलं. अश्विनसाठी दुसरी मुलगी बघायची भाषाही झाली. अश्विन गाडी चालवत राहिला. असला नेभळट मुलगा असल्याच बापाला व्हायचा. मलाही सोबत नेलं होतं, कारण चंपतरावांना श्रोता लागतो.

पाळण्यात नाव ठेवून झालं. बायका जेवायला बसल्या आणि उन्नतीचे वडील रुपराव, हा बेत कानावर गेल्यामुळे, हात जोडून चंपतरावांपुढे आले. जन्मभर शेती केलेला माणूस, आवाज अगदी खाली गेला होता.

"तुमी त हेच शिकवता जी. माह्या पोरीचं चुकलं काय? तुमी म्हणान ते आमाले मान्य."

एक 'नाही' म्हटलं असतं तर त्या पोरीचा संसार वाचला असता. चंपतरावांनी सुपारी चघळली आणि रीतिरिवाज पाळायला हवेत, असं काहीतरी पुटपुटले.

तेव्हा उन्नतीने मोबाइल काढला, आवाज वाढवला आणि पाळण्याशेजारी ठेवला. चंपतरावांचाच खणखणीत आवाज सुरू झाला. चौथ्या आठवड्यात हाताचा कोंब फुटतो. त्यात स्नायू नसतातच. त्यांच्या पेशी पाठीच्या कण्याजवळून यायच्या असतात. कोंब एक वृद्धिघटक सोडतो, म्हणजे हाक मारतो म्हणा ना, आणि पेशी त्या रोखाने सरकत हातात शिरतात. हाक पोचली नाही तर हाड होतं, कातडी होते, मांस येत नाही. दुसरा महिना सरायच्या आत हे आटोपतं. मग कोणी कितीही हाका मारल्या तरी उपयोग नाही. इथे कुकरची शिट्टी झाली.

रुखमाबाईंनी शिट्टी ओळखली. हातातला घास ताटात ठेवून त्या उठल्या.

"हे आपल्याच घरातलं आहे. म्हणजे तुमाले पयलेपासून मालूम होतं?"

चंपतरावांना लाज वाटावी, अशी माझी अजूनही भाबडी अपेक्षा होती. ते हसले.

"अवं, ते परीक्षेपुरतं असते."

मला त्या माणसाची किळस आली, आणि इतकी वर्षं त्याच्यासोबत चहा प्यायलो याची त्याहून जास्त.

रुखमाबाईंनी नातीला उचललं. तो काडीसारखा हात आपल्या गळ्याभोवती घेतला, उन्नतीपुढे उभ्या राहिल्या आणि रडायला लागल्या. पेरूवरून तिला काय काय बोलल्या होत्या, ते त्यांनाच आठवत असावं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "चाल वं उन्नती, सामान घे. आपल्या घरी जाऊन राहिलो आपण."

अश्विनने न सांगता बॅगा उचलल्या. चंपतराव सवयीने पुढच्या सीटकडे गेले. रुखमाबाईंनी त्या सीटवर पाळणा ठेवला, दार लावलं, स्वतः मागे बसल्या आणि काचेतून त्यांना सांगितलं, सावनेरहून नागपूरला एसटी भरपूर आहेत.