एकोणीस मोसम, एकच जागा

बातमी आली तेव्हा मी जपानमधल्या एदोगावा भागातल्या एका स्टेशनबाहेर पत्रकं वाटत होते. फोन थरथरला. बेसबॉल टीमच्या ग्रुपवर कॅप्टन ओकुमुरा-सान यांचा जेमतेम दीड ओळीचा मेसेज होता, ‘आपला शॉर्ट आज सकाळी गेला.’ नाव लिहिलंच नव्हतं. त्या ग्रुपवर कुणाला ते लागणारही नव्हतं. माझ्या हातातली पत्रकं करारावर काम करणाऱ्या संशोधकांबद्दलची होती आणि पहिल्या पानावर फोटो होता तो गद्रे काकांचाच. एका बाईंनी पत्रक घेतलं, मान लववली आणि त्या जिन्याकडे वळल्या. धावत जाऊन ते परत मागून घ्यावं असं वाटलं... इतक्या वर्षांत पत्रक वाटताना असं कधी वाटलं नव्हतं.

मिलिंद गद्रे मूळचे पुण्याचे. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपवर काम करणारे शास्त्रज्ञ, वय पंचावन्न. जपानमध्ये एकवीस वर्षं राहिले, आणि त्यातली एकोणीस वर्षं जवळजवळ दर रविवारी नदीकाठच्या मैदानावर एका हौशी बेसबॉल टीमचे शॉर्टस्टॉप होते. टीममध्ये पोस्टातले दोघं, एक दातांचा डॉक्टर, एक शाळामास्तर. ओकुमुरा-सान यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान आहे. काका पंक्चर काढायला गेले, तेव्हा ओकुमुरा-सान यांनी त्यांना एवढंच विचारलं, “पळता येतं का?” पुण्यात कॉलेजच्या क्रिकेट टीममध्ये काका पॉइंटला उभे राहत, त्या भरवशावर ते हो म्हणाले. पहिल्याच रविवारी जोरात आलेला बॉल त्यांनी डाव्या हातात ग्लोव्ह असताना उजव्या, उघड्या हाताने अडवला. क्रिकेटवाल्यांची खोड! करंगळी मोडली आणि ती कायमची वाकडी राहिली. “ही माझी जॉइनिंग फी,” असं म्हणून ते ती करंगळी दाखवायचे.

माझी त्यांची ओळख चार वर्षांपूर्वीची. त्या मैदानाच्या कडेने मी आमच्या युनियनची पत्रकं घेऊन चालले होते. मागून खणखणीत मराठी आवाज आला, “ए पोरी, तिथून हल! बॉल डोक्यात बसला तर तुझी क्रांती इथेच संपेल!” माझ्या पिशवीवर मराठीत ‘संघटित व्हा’ असं लिहिलेलं त्यांनी लांबूनच वाचलं होतं. मी थांबून भांडले. मैदान सार्वजनिक आहे, वगैरे. ते शांतपणे म्हणाले, “मैदान सगळ्यांचं आहे गं. पण तू उभी आहेस ती जागा माझी आहे.”

ती जागा म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली. बहुतेक खेळाडू उजव्या हाताने खेळतात आणि त्यांचे जमिनीवरून येणारे फटके बरेचसे तिकडेच येतात. बॉल उचलायचा, वळायचं आणि पळणारा पोचायच्या आत पहिल्या बेसवर फेकायचा. पाय थोडे मंदावले की शॉर्टस्टॉपला तिसऱ्या बेसवर सरकवतात, मग पहिल्यावर, मग बाकावर. नाहीतर दुसऱ्या टीमला देऊन टाकतात. एकाच टीममध्ये, त्याच जागेवर वर्षानुवर्षं टिकलेले शॉर्टस्टॉप पगारी, प्रोफेशनल संघांतसुद्धा शोधावे लागतात. “शॉर्टस्टॉप म्हातारा होत नाही,” काका म्हणायचे, “त्याच्या आधीच त्याला हलवतात.” मी विचारलं, मग तुम्हाला का नाही हलवलं? ते मला मैदानात घेऊन गेले आणि बुटाच्या टोकाने दाखवत सुटले. इथे खाली दगड आहे, बॉल उजवीकडे उडतो. इथे पुराचं पाणी साचून माती बसलीय, बॉल मरतो. आणि पहिल्या बेसवरच्या डॉक्टरचा खांदा दुखतो, म्हणून त्याला छातीच्या वर थ्रो द्यायचा नाही. “माझे पाय गेले कधीच. पण हे सगळं नव्या माणसाला शिकायला दहा वर्षं लागतील. तोपर्यंत हरत बसायचं का?”

हे मी इतकं लांबवून सांगतेय, कारण एका सायकलवाल्याला जे समजलं ते मोठमोठ्या पदव्या असलेल्या लोकांना समजलं नाही. काकांच्या संस्थेत दर मार्चला नवा करार व्हायचा. ज्या मशीनवर ते काम करत, त्याचा प्रत्येक नखरा त्यांना ठाऊक होता. परदेशातून आलेले प्रोफेसर आधी काकांच्या टेबलाशी जायचे आणि मग डायरेक्टरकडे. पण सलग दहा वर्षांपलीकडे करार गेला की करारावरचा संशोधक कायम नोकरी मागू शकतो. म्हणून नऊ झाली, दहावं चालू होतं, तेव्हा पत्र आलं की मार्चनंतर करार नाही. बाहेर काढताना तोंडभर आभार मानायची इथली पद्धत आहे. त्या पत्रातही आभार होते.

काका भांडायला तयार नव्हते. मी त्यांच्या घरी जाऊन त्यांना डिवचलं. “मैदानावर वाघ आणि ऑफिसात शेळी!” स्नेहल काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “मुक्ता, शेळी तरी दूध देते गं. हा नुसता सॉरी म्हणतो.” तिघंही हसलो. शेवटी काकांनी युनियनच्या फॉर्मवर सही केली. जानेवारीत संस्थेशी वाटाघाटी सुरू झाल्या.

आणि जानेवारीतच ते मला म्हणाले की पोटात वरच्या बाजूला दुखतं. पाठीपर्यंत जातं. डॉक्टरने मोठ्या हॉस्पिटलमध्ये तपासणी करायला सांगितलंय, दोन-तीन दिवस सुट्टी काढावी लागेल.

आमच्या पत्रकात एक कलम होतं, ठळक अक्षरांतलं. वाटाघाटी चालू असताना आजारपणाची रजा घेऊ नका. आधी एका सभासदाच्या बाबतीत संस्थेने तेच हत्यार वापरलं होतं, यांची तब्येत काम झेपण्यासारखी नाही म्हणून. ते कलम मी लिहिलं होतं. मला त्याचा अभिमान होता. मी काकांना म्हटलं, “काका, रेकॉर्डवर काही येऊ देऊ नका. एप्रिलपर्यंत काढा ना कसंतरी.” ते म्हणाले, “ठीक आहे, कॉम्रेड. ॲसिडिटीच असेल.” पुढच्या महिन्यात संस्थेची वार्षिक आरोग्य तपासणी झाली. पोटदुखी आहे का, या प्रश्नापुढे त्यांनी ‘नाही’वर खूण केली.

मोसमाच्या सुरुवातीला त्या टीममध्ये एक रिवाज आहे. ओकुमुरा-सान बॅट घेऊन उभे राहतात आणि प्रत्येकाला त्याच्या जागेवर पन्नास फटके मारतात. इथे त्याला नॉक म्हणतात. तुला आता जमत नाही, असं कोणी कोणाला सांगत नाही. ज्याला स्वतःला वाटेल त्याने टोपी काढून बाहेर यायचं. त्या फेब्रुवारीत थंडी बोचरी होती. काका तिसाव्या फटक्यानंतर वाकले आणि लवकर उठलेच नाहीत. डावा हात ग्लोव्हसकट पोटावर. ओकुमुरा-सान बॅट खाली करून थांबले. कोणी हाक मारली नाही. मग काकांनी मान वर केली आणि ग्लोव्ह पुढे धरला. उरलेले वीस त्यांनी घेतले, टोपी काढली नाही. शेवटच्या थ्रोनंतर सगळी टीम टाळ्या वाजवत होती आणि मी फोटो काढत होते. पत्रकावर आला तो वाकलेलाच फोटो. ग्लोव्ह पोटावर आहे हे विचित्र दिसत होतं, म्हणून मी तो खांद्यापासून कापून चेहरा मोठा केला. खाली लिहिलं: ‘एकोणीस वर्षं एकाच जागेवर. मग हा माणूस संस्थेलाच का नको?’

मार्चअखेरच्या बैठकीत संस्थेचा माणूस अतिशय नम्रपणे म्हणाला, गादोरे-सान (इथे गद्रेंचं हेच व्हायचं) यांच्याबद्दल आमची काहीच तक्रार नाही, फक्त ती जागा संपते आहे. काका त्यांच्या त्या पुणेरी जपानीत म्हणाले, “शॉर्टस्टॉप काढून टाकलात तरी बॉल तिथेच येणार आहे.” समोरच्या तिघांनीही वहीत काहीतरी लिहून घेतलं. काय लिहिलं असेल, देव जाणे. करार संपला तो संपलाच. आठवड्याभराने मला कळलं की त्या मशीनवर दोन नवी मुलं घेतली आहेत, एकेक वर्षाच्या करारावर.

एप्रिलमध्ये काका तपासणीला गेले. स्वादुपिंडाचा कॅन्सर, यकृतात पसरलेला. तीन महिने आधी गेले असते तर? मी त्यांच्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हा आजार तसाही फसवा, सांगता येत नाही. हे उत्तर मला फार सोयीचं आहे, म्हणून मी त्याच्यामागे लपणार नाही. तीन महिने त्यांचे होते आणि ते मी मागून घेतले. ज्या गोष्टीसाठी घेतले, तीही मिळाली नाही. संस्था निर्दय वागली, हे मी कुठेही उभी राहून ओरडून सांगेन. पण ‘नाही’वर खूण करायला त्यांना संस्थेने सांगितलं नव्हतं.

हॉस्पिटलमध्ये ते या विषयावर चकार शब्द बोलले नाहीत. उलट मलाच विचारायचे, त्या दोन नव्या मुलांना युनियनमध्ये घेतलंस का? “घे. आणि त्यांना सांग, मशीन सकाळी पहिल्या तासात खोटं बोलतं. गरम होऊ द्यायचं.” सप्टेंबरात ते गेले.

त्यानंतर दोन आठवड्यांनी ओकुमुरा-सान त्यांच्या घरी आले. काळा सूट, हातात फळांचा खोका. गुडघ्यांवर बसून त्यांनी काकूंना विचारलं, शॉर्टला एका नव्या मुलाला उभं करायचं आहे, तुमची हरकत नाही ना? काकू म्हणाल्या, करा, बॉल काय कोणासाठी थांबणार आहे. त्याच आठवड्यात संस्थेकडून एक पाकीट आलं होतं. ओळखपत्र परत पाठवायचं राहिलं आहे, कृपया पाठवावे.

परवा सोमवारी सकाळी मी काकूंकडे गेले. चार वेळा जिन्यापर्यंत जाऊन परत आले होते. चहा व्हायच्या आत बोलून टाकलं की तपासणी पुढे ढकला असं मीच त्यांना सांगितलं होतं. काकू गॅसपाशी पाठमोऱ्या होत्या.

“मला माहीत आहे,” त्या म्हणाल्या. “त्याने सांगितलं होतं. तू कधी सांगतेस त्याची वाट बघत होते.”

मी रडायला लागले, तर म्हणाल्या, “ते नंतर. ते कलम अजून छापता का?”

“नाही. काढलं.”

“नुसतं काढून काय होतंय? कशामुळे काढलं ते छाप. त्याचं नाव घाल. आणि तुझंही.”

म्हणून हा लेख. सभासदांना दुखणं लपवायला मी, मुक्ता, सांगत होते. यापुढे कोणाला कुठल्याही युनियनवाल्याने असं सांगितलं, तर त्याचं ऐकू नका. आधी डॉक्टरकडे जा.

आम्ही चहा घेत होतो तेव्हा बरोबर नऊला काकांचा फोन वाजला. खिडकीपाशी चार्जिंगला लावलेला. मी दचकले. काकू उठल्या नाहीत. “दर सोमवारी वाजतो,” म्हणाल्या. “त्याने जानेवारीत आठवण लावून ठेवलीय. पासवर्ड मला माहीत नाही, त्यामुळे काढून टाकता येत नाही.” मी जवळ जाऊन पाहिलं. लॉक केलेली स्क्रीन उजळली होती आणि मराठीत लिहिलेलं होतं: ‘हॉस्पिटलला फोन. एप्रिलमध्ये नक्की.’

मी तो गप्प करायला हात पुढे केला.

“राहू दे,” काकू म्हणाल्या. “वाजू दे पूर्ण.”