जत्रेच्या संध्याकाळी भरलेली कांडी

आमच्या जामसंड्याच्या घरी मी सासूबाईंना घाबरते, गुरांचे डॉक्टरही घाबरतात. गाय तेवढी घाबरत नाही. तिची आई ती लहान असतानाच गेली, तेव्हा सासूबाईंनीच तिला बाटलीने दूध पाजून वाढवलं. लाडोबा करून ठेवली होती नुसती.

पण ती गाभण राहत नव्हती. माजावर यायची, डॉक्टर येऊन वळूच्या रेताची कांडी तिच्या गर्भाशयात भरून जायचे, आणि काही आठवड्यांनी हंबरणं पुन्हा सुरू. शेवटी माझ्या नवऱ्याने मुंबईहून फोनवर निक्षून सांगितलं, या खेपेला राहिली नाही तर विकायची. व्यापारी खांद्यावर दोर टाकूनच आला आणि बघूनही गेला. त्यानंतर सासूबाईंचं जेवणावरून मनच उडालं.

कुणकेश्वराच्या जत्रेला त्या शेजारणींबरोबर पहाटेच गेल्या आणि नेमकी त्याच सकाळी गाय हंबरायला लागली. डॉक्टरांना फोन करणं हे सासूबाईंचं खातं. पण जत्रेत त्यांचा फोन लागेना, म्हणून मीच डॉक्टरांना केला. कधीपासून ओरडतेय, असं डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, आत्ताच सुरू झालं. मग घाई नाही, संध्याकाळी येतो, म्हणाले. तोवर माज गेला तर, असं मनात आलं. पण डॉक्टरांशी वाद कोण घालणार?

सासूबाई दुपारी जत्रेतलं गोड खाजं घेऊन परतल्या. गाय एव्हाना हंबरायची थांबून रवंथ करत होती. माझ्या तोंडून सगळं ऐकल्यावर खाज्याचा पुडा ओट्यावर आपटला आणि मला जे काय ऐकवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही. डॉक्टरांची मोटरसायकल अंगणात शिरली, तेव्हा त्या गोठ्याच्या दारातच उभ्या होत्या.

"आता येवन काय करतल्यात? गाय गप झाली. माज गेलो तिचो."

"आये, खरी येळ हीच," डॉक्टर म्हणाले आणि हातमोजा चढवू लागले.

कांडी भरता भरता त्यांनी समजावलं. गाय ओरडते तेव्हा तिचं स्त्रीबीज अजून सुटलेलं नसतं. माज ओसरून गेला की मग सुटतं. आत सोडलेल्यांपैकी बहुतेक शुक्रजंतूंना गर्भाशयच परकं समजून बाहेर काढतं. थोडेच वरच्या बारीक नळीपर्यंत पोचतात. तिथे ती नळी त्यांना आपल्या आतल्या अंगाला चिकटवून धरते, जिवंत ठेवते आणि बीज सुटायच्या सुमाराला मोकळं करते. पण धरून ठेवायलाही मर्यादा असते. फार आधी पाठवले तर बीज येईपर्यंत त्यांचा जीव टिकत नाही.

मग तुम्ही दर वेळी लगेच का येत होतात, असं मी विचारलं. डॉक्टरांनी सासूबाईंकडे पाहिलं. त्या म्हणे दर वेळी फोनवर सांगायच्या, गाय कालपासून ओरडतेय. आत्ताच सुरू झालंय म्हटलं तर डॉक्टर निवांत येतील, ही त्यांना भीती. म्हणून बिचारे धावत यायचे आणि उशीर झाला समजून लगेच कांडी भरायचे. मला हसू आवरेना. सासूबाई गाईच्या पाठीवर पाण्याचा तांब्या ओतत राहिल्या. आमच्याकडे कांडी भरल्यावर तसं ओततात.

त्यानंतर दोन दिवसांनी गाईच्या शेपटीला रक्त दिसलं आणि सासूबाईंनी धीर सोडला. सगळं वाहून गेलं म्हणत गोठ्यातच बसून रडल्या. मलाही रडू आलं, कारण व्यापाऱ्याचा तो दोर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हता. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, माज उलटून गेल्यावर पुष्कळ गाईंना असं रक्त जातं, त्यावरून राहिली की नाही ते कळत नाही. वाट बघा.

वाट बघितली. पुढच्या माजाचे दिवस आले, तसेच गेले. गाय हंबरली नाही. सासूबाईंनी ग्रामदेवतेला हात जोडून गाऱ्हाणं घातलं आणि मी मनातल्या मनात त्या बारीक नळीला.

पुढे डॉक्टरांनी हात घालून तपासलं आणि गाभण आहे म्हणाले. छातीवरचा धोंडा उतरला. सासूबाई गाईच्या मानेला मिठी मारून कितीतरी वेळ उभ्या होत्या. व्यापाऱ्याला नको म्हणून कळवलं, नवऱ्यालाही. त्या दिवशी त्या पोटभर जेवल्या, वर भात मागून घेतला. हात धुताना माझ्याकडे न बघताच म्हणाल्या,

"पुढच्या खेपेक फोन तूच कर गो."