खंड्याला ‘हसा’ म्हणणारे फोटोवाले

प्रौढांच्या वर्गाच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता, म्हणून मी आमच्या गल्लीतील फोटोवाल्यांकडे गेले. त्यांनी मला स्टुलावर बसविले, हनुवटी खाली घ्यायला लावली आणि बटण दाबण्यापूर्वी म्हणाले, “हं, हसा!”

“दात राहिले नाहीत हो,” मी म्हणाले.

“मग ओठांनी हसा, मावशी.”

फोटो चांगला आला. पुढे त्याच दुकानात मला झाडलोटीचे काम मिळाले.

दुकान म्हणजे एक खोली, निळा पडदा, दोन दिवे आणि भिंतीवर परक्या नवरानवरींची रांग. प्रत्येकाच्या खिशात फोन आल्यापासून गिऱ्हाईक आटले होते. फोटोवाल्यांच्या मेव्हण्यांना त्या जागेत चपलांचे दुकान थाटायचे होते.

“दाजी, माणसं संपली,” मेव्हणे एकदा म्हणाले. “आता काय चिमण्यांचे फोटो काढणार?”

“काढीन की! नगरभवनाच्या प्रदर्शनात माझा पक्षी लागला, तर दुकान माझं. नाही लागला, तर किल्ली तुमची.”

“ताई, तू साक्षीला आहेस बरं का!” मेव्हणे बहिणीला म्हणाले.

फोटोवाल्यांची पत्नी शांतपणे म्हणाली, “मी आत्ताच पायाचं माप देऊन ठेवते.”

फोटोवाल्यांनी पक्ष्यांचे फोटो काढण्याची विद्या मन लावून आत्मसात केली, हे नमूद करणे माझे कर्तव्य आहे. तळ्याकाठच्या एका वठलेल्या फांदीवर खंड्या मासा टिपून पुन्हापुन्हा येतो, हे त्यांनी हेरले. सूर्य पाठीशी घेतला. मळकट हिरव्या कापडाचा आडोसा उभारला आणि त्यात पालथे निजून कॅमेरा पक्ष्याच्या नजरेच्या पातळीवर आणला. मी स्टँड वाहून नेत असे. “मावशी, डोळा स्पष्ट यायला हवा. डोळा हुकला की फोटो मेला,” असे ते मला कुजबुजत शिकवीत.

खंड्या वेळेवर येई. चोचीत मासा, छाती पुढे. एवढा नीट तर नवरदेवही बसत नाही. फोटोवाले श्वास रोखीत, बोट बटणावर नेत आणि खणखणीत आवाजात म्हणत, “हं, हसा!”

अशा रीतीने आमच्याकडे फांदीचे अत्युत्तम फोटो जमले.

“अहो, त्याला कशाला हसवता?” मी विचारले.

“मी? मी कुठे काय बोललो?”

प्रदर्शनाची मुदत संपत आली. मेव्हणे टेप घेऊन भिंती मोजू लागले. तेव्हा पत्नीनेच तोंड उघडले, “झोपेतसुद्धा म्हणता तुम्ही. मी हसत नाही, एवढंच.”



आज नगरभवनात खंड्याचा फोटो लागलेला आहे. डोळा आणि मासा दोन्ही स्वच्छ दिसतात, आणि किल्ली फोटोवाल्यांच्याच खिशात आहे. बघणारे त्यांना तंत्र विचारतात. ते प्रकाश, आडोसा व धीर यांविषयी सविस्तर बोलतात. ते सर्व खरेच आहे. मात्र मुदतीच्या आदल्या संध्याकाळी दुकानाला कुलूप लावताना त्यांनी मला जे सांगितले, ते त्यात येत नाही.

“मावशी, उद्या तळ्यावर येताना एक जाडसं फडकं आणा, आणि माझं तोंड घट्ट बांधा.”