इनास डाबरे यांचे चाळीस दिवस

इनास डाबरे मूळचे वसईचे, आणि गेली बावीस वर्षं इंदूरला सेव चाखतात. हा छंद नव्हे, नोकरी. सांवेर रोडवरच्या परेशजींच्या नमकीन कारखान्यात प्रत्येक घाण्यातली चिमूटभर सेव त्यांच्या जिभेवर जाते, ते डोळे मिटतात, मान डोलावतात, आणि माल पॅकिंगला जातो.

अशा माणसाने ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात सेवच सोडायची, हा अविचार होता. तरी दर वर्षी राखेच्या बुधवारी कपाळावर राख लागली की इनास तोच संकल्प करत: ईस्टरपर्यंत सेव नाही, चाखण्यापुरतीही नाही. मांस सोडण्यात अर्थ नव्हता. कारखान्याचं कँटीन जैन, तिथे कांदासुद्धा मिळत नाही. न मिळणारी वस्तू सोडून पुण्य कसं लागणार? अकरा वर्षं त्यांनी हा संकल्प केला आणि अकरा वर्षं मोडला. एकदा तर त्याच बुधवारी दुपारी.

यंदा त्यांना युक्ती सापडली. सेव कानाशी धरून मोडायची. आवाजावरून तळण कळतं. ओवा वासावरून, तेल कागदावर दाबून. मीठ मात्र कानाला कळत नाही. त्यासाठी भट्टीवरच्या कौसल्याबाईंना विश्वासात घ्यावं लागलं.

“मीठ बराबर आहे,” चाखून त्या म्हणाल्या. “पण साहेब, तुमच्या देवाला नमकीनशी काय प्रॉब्लेम?”

“देवाला नाही हो. मला फार आवडते, हा प्रॉब्लेम.”

“मग खा नं!”

“कुणाला बोलू नका,” एवढंच इनास म्हणाले. उपास करायचा तो असा, की चेहऱ्यावर दिसू नये, डोक्याला तेल लावून हिंडावं, असं फादर दर वर्षी सांगतात. इनास रोज सकाळी खरोखरच तेल चोपडत.

दिवस सरत गेले. रंगपंचमीच्या ऑर्डरी आल्या आणि गेल्या. तिसऱ्या आठवड्यापासून त्यांचं तोंड इतकं स्वच्छ झालं, की पाण्यालाही चव आली. नळाचं नर्मदेचं पाणी किंचित गोड आणि बोअरचं जडसर लागे. दुपारी कढयांची वाफ छतापाशी तरंगायची, पंख्याच्या पात्यांतून ऊन तुकड्यातुकड्यांनी आत पडायचं, आणि त्या धुरकट उजेडात इनासांना लहानपणची मिठागरं दिसायची. पांढरे ढीग, मधून चालणारी आई, आणि पायाखाली पाणी आहे की आभाळ, ते कळत नसे. शुक्रवारी संध्याकाळी चर्चमध्ये क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या शेवटच्या प्रवासाची चौदा स्थानांची प्रार्थना, हिंदीत चाले. इनास मनातल्या मनात ती मराठीत करत एकेका स्थानापाशी गुडघे टेकत, आणि उठताना अंग कापसासारखं हलकं वाटे. यंदा जमणार, असं त्यांना पहिल्यांदाच वाटू लागलं.

इकडे परेशजींच्या आईने कौसल्याबाईंना विचारलं, की इनासजी एवढे का वाळले? कौसल्याबाईंनी सांगितलं. उपासाच्या माणसाची बदनामी तर होत नव्हती.

ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारनंतरच्या सोमवारी इनास कारखान्यावर आले, तर फाटकावर बॅनर. त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो, आणि खाली: ‘तपस्वी श्री इनासजी डाबरे, चालीस दिवसीय सेव-त्याग की अनुमोदना’, म्हणजे जैनांत तपाचं जाहीर कौतुक. अकरा वाजता उसाच्या रसाने पारणं, फोटोग्राफरसकट.

“इनासजी, चाळीस दिवस! आणि आम्हाला बताया तक नहीं!” मराठी शाळेत शिकलेले परेशजी गहिवरून म्हणाले.

“ते सांगायचं नसतं, परेशजी.”

“क्या नम्रता आहे!” परेशजी बॅनरवाल्याकडे वळले. “ए भिया, खाली जागा आहे बॅनरवर, हे पण लिहून टाक.”

परेशजींनी रविवारही मोजले होते. चर्च ते मोजत नाही; इनासांच्या हिशेबी सहा दिवस बाकी होते. हे सांगावं, तर समारंभ पुढच्या आठवड्यावर जाऊन बॅनर मोठा होणार. रस प्यावा, तर सेव वर्ज्यच राहणार होती. पण मग उपास देवाचा न राहता बॅनरचा होणार. पावणेअकराला इनास भट्टीपाशी गेले, ताज्या घाण्यातली मूठभर सेव उचलली आणि सगळ्यांसमोर खाल्ली.

“साहेब!” कौसल्याबाई ओरडल्या.

सेव फारच छान झाली होती. ते सावकाश चावत राहिले.

परेशजी धावत आले. “अरे, पंधरा मिनिटं तर थांबायचं होतं!”

“नाही जमलं. मी कच्चाच आहे यात,” इनास म्हणाले. हे खोटंही नव्हतं.

बॅनर दहा मिनिटांत उतरला. रस काढून झाला होता, तो कामगारांना वाटला गेला. परेशजींची आई मात्र हार हातात घेऊन इनासांच्या शेजारी तेलाच्या डब्यावर येऊन बसली. महिना महिना नुसत्या उकळलेल्या पाण्यावर उपास केलेली बाई.

“कितने बाकी थे?” तिने हळूच विचारलं.

“सहा.”

“अब क्या करते हैं तुम्हारे में?”

“आमच्यात माफी मागतात.”

“हां,” ती म्हणाली. “वो तो हमारे में भी है.”

आणि दोघं वाफेकडे पाहत बसून राहिले.